कागदावर सुटलेली जाळी

प्रश्न : माझी मुलगी नागपुरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सैद्धान्तिक भौतिकशास्त्रात, त्यातही ‘क्वांटम मेनी-बॉडी सिस्टिम्स’ या विषयात संशोधन करायचं असं तिनं ठरवलं आहे. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे तिला काय विचारावं हेही सुचत नाही. प्रयोगशाळा नाही, यंत्र नाही, मग ही माणसं आयुष्यभर करतात तरी काय? आणि नागपुरातून बीएस्सी करून या वाटेनं कुणी पुढं गेलं आहे का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर ठाम ‘हो’ असं आहे. नाव आहे प्रा. बी. श्रीराम शास्त्री. जन्म १९५० चा, अकोल्यातला. १९६८ मध्ये नागपूर विद्यापीठाची बीएस्सी, १९७० मध्ये आयआयटी मद्रासची एमएस्सी, १९७६ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून म्हणजे टीआयएफआरमधून पीएचडी. पुढं अमेरिकेतलं युटा विद्यापीठ, पुन्हा टीआयएफआर, मग बेल लॅब्ज, नव्वदच्या दशकात बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि २००३ पासून कॅलिफोर्निया विद्यापीठाचं सांताक्रूझ. २००९ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीनं त्यांना लार्स ऑन्सागर पारितोषिक दिलं. सांख्यिकीय भौतिकशास्त्रातल्या सैद्धान्तिक कामासाठी मिळणाऱ्या मोठ्या सन्मानांपैकी हा एक. तुमच्या मुलीला ज्या विषयाची ओढ लागली आहे, नेमक्या त्याच विषयातल्या कामासाठी तो त्यांना मिळाला.

विदर्भात हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. जगभरातल्या चुंबकत्वाच्या अभ्यासकांच्या तोंडी मात्र ते रोज असतं, कारण दोन प्रारूपं त्यांच्या नावानं ओळखली जातात : ‘शास्त्री-सदरलँड’ आणि ‘हाल्डेन-शास्त्री’. ही माणसं काय करतात, या तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच कामातून देतो. हवेत बोलण्यापेक्षा ते बरं.

आधी अडचण काय आहे ते पाहू. एक इलेक्ट्रॉन एकटा असेल तर त्याचं वागणं पुस्तकातल्या समीकरणानं सांगता येतं. तुमच्या मुलीनं ते एव्हाना सोडवलंही असेल. पण पदार्थात इलेक्ट्रॉन एकटा कधीच नसतो. एक ग्रॅम तांब्यात पंच्याण्णववर वीस शून्ये इतके अणू असतात आणि प्रत्येकात अनेक इलेक्ट्रॉन. ते सगळे एकमेकांना ढकलत असतात. दिवाळीच्या आधी बर्डीच्या मेन रोडवर तुम्ही कुठं जाल हे तुमचे पाय ठरवत नाहीत, आजूबाजूची गर्दी ठरवते. इलेक्ट्रॉनांचं तसंच होतं.

ही अडचण आकड्यांत मांडली की तिचा आकार कळतो. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक चिमुकला चुंबकही असतो. त्या गुणधर्माला स्पिन म्हणतात. समजा तो वर किंवा खाली अशा दोनच दिशांना तोंड करू शकतो. दोन चुंबकांच्या चार अवस्था होतात. दहा चुंबकांच्या १,०२४. वीस चुंबकांच्या दहा लाखांहून जास्त. पन्नास झाले की संख्या एकावर पंधरा शून्यांच्या पुढं जाते, आणि तीनशे चुंबक घेतले की एकावर नव्वद शून्येही अपुरी पडतात. दिसणाऱ्या सगळ्या विश्वातल्या अणूंची संख्या एकावर ऐंशी शून्यांच्या आसपास मानली जाते. क्वांटम सिद्धान्त म्हणतो की यातल्या सगळ्या अवस्थांचं मिश्रण एकाच वेळी विचारात घ्यायला हवं. तीनशे चुंबकांची अवस्था नुसती लिहून काढायला विश्वातला प्रत्येक अणू वहीच्या पानासारखा वापरला तरी पुरणार नाही, आणि आपल्याला ग्रॅमभर पदार्थाबद्दल बोलायचं आहे.

म्हणजे महासंगणक आणून प्रश्न सुटत नाही. इथं डोकंच लागतं. फिलिप अँडरसन या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञानं १९७२ मध्ये एक गाजलेला लेख लिहिला होता. संख्या वाढली की वागण्याचे नवे नियमच जन्माला येतात, एका कणाचे नियम पाठ असले तरी कोट्यवधी कणांचं वागणं त्यातून आपोआप कळत नाही, असा त्याचा रोख होता. सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ म्हटला की लोकांना विश्वाचं अंतिम सूत्र शोधणारा माणूस आठवतो. या क्षेत्रातला माणूस वेगळ्या कामात असतो. मूळ सूत्र त्याच्या हातात १९२६ पासून आहे. ते इतक्या साऱ्या कणांना एकदम लावल्यावर काय घडतं, हा त्याचा प्रश्न.

मग तो करतो काय? पदार्थाचा सगळा पसारा बाजूला सारून एक छोटं प्रारूप बांधतो. इतकं छोटं, की सोडवता यावं. आणि इतकंही छोटं नाही, की पदार्थाचा जीवच निघून जावा. ही निवड हेच या व्यवसायातलं खरं कसब आहे असं माझं मत आहे. गणिताचं कौशल्य त्यानंतर येतं.

आता शास्त्रींचं १९८१ चं काम बघा. ते तेव्हा युटा विद्यापीठात बिल सदरलँड यांच्यासोबत काम करत होते. मुलीला आलेखाचा कागद घेऊन शेजारी बसवा, कारण हे चित्र काढल्याशिवाय कळत नाही.

बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौरस काढा. फक्त काळ्या घरांत कर्ण काढायचे : एका ओळीतल्या काळ्या घरांत उजवीकडे चढणारा कर्ण, त्याच्या वरच्या ओळीतल्या काळ्या घरांत उजवीकडे उतरणारा, पुढच्या ओळीत पुन्हा चढणारा. आता कोणताही कोपरा तपासा. त्याला बरोबर एकच कर्ण येऊन भिडतो, कमी नाही की जास्त नाही. प्रत्येक कोपऱ्यावर एक चिमुकला चुंबक ठेवा. जोडलेल्या दोन चुंबकांना एकमेकांच्या उलट दिशेला तोंड करायची ओढ आहे असं समजा. चौरसाच्या बाजूवर ही ओढ काही एका ताकदीची, कर्णावर वेगळ्या ताकदीची.

लगेच पंचाईत होते. काळ्या घरात कर्ण काढला की दोन त्रिकोण तयार होतात. त्रिकोणातल्या तीन चुंबकांपैकी पहिला वर, दुसरा खाली, तर तिसऱ्यानं काय करायचं? दोघांच्याही उलट होणं त्याला शक्य नाही. अशा चुंबकांना भौतिकशास्त्रज्ञ ‘फ्रस्ट्रेटेड’ म्हणतात, आणि अशा जाळ्या सोडवणं सहसा महाकठीण असतं.

शास्त्री आणि सदरलँड यांनी ही अडचणच हत्यार म्हणून वापरली. क्वांटम जगात दोन चुंबकांची एक खास जोडी बनते, तिला सिंगलेट म्हणतात. या जोडीत कोण वर आणि कोण खाली हे ठरलेलं नसतं, पण दोघांचं मिळून चुंबकत्व अगदी शून्य असतं, कोणत्याही दिशेनं पाहिलं तरी. प्रत्येक कर्णावर अशी एक सिंगलेट जोडी बसवा. आता एखाद्या काळ्या घरातला, त्या घराच्या कर्णावर नसलेला चुंबक घ्या. चित्रात बघा, तो त्या कर्णाच्या दोन्ही टोकांना सारख्याच ताकदीनं जोडलेला असतो. त्याला जाणवतं ते दोन्ही टोकांचं एकत्रित चुंबकत्व, आणि ते तर शून्य आहे. म्हणजे शेजाऱ्यांची सगळी ओढाताण परस्पर कटते. अनंत पसरलेल्या जाळीतली प्रत्येक जोडी आपापल्या कर्णावर जणू एकटीच असते. एकावर नव्वद शून्यांचा तो डोंगर इथं आडवा येतच नाही.

आता हीच सगळ्यात कमी ऊर्जेची अवस्था आहे हे कशावरून? याची सिद्धता मला या सगळ्या कामातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते, म्हणून इथं थोडा रेंगाळतो. सगळी जाळी त्या काळ्या घरांतल्या त्रिकोणांत वाटून टाकायची. प्रत्येक बाजू एकाच त्रिकोणाच्या वाट्याला येते; प्रत्येक कर्ण मात्र दोन त्रिकोणांत असतो, म्हणून तो अर्धा अर्धा वाटायचा. जाळीची एकूण ऊर्जा म्हणजे या त्रिकोणांच्या ऊर्जांची बेरीज. प्रत्येक त्रिकोणाची किमान ऊर्जा काढली, तर बेरीज त्याच्या खाली कधीच जाणार नाही. आणि आपली सिंगलेट-अवस्था एकाच वेळी प्रत्येक त्रिकोणाला त्याच्या किमान ऊर्जेवर आणून ठेवत असेल, तर तिच्या खाली जागाच उरत नाही. त्रिकोणाचं गणित तीन चुंबकांचं, म्हणजे आठ अवस्थांचं आहे. ते सोडवल्यावर एक साधी अट हाती येते : बाजूवरची ओढ कर्णावरच्या ओढीच्या निम्म्यापर्यंत असेल तोवर जोड्याच जिंकतात. अनंत जाळीचा प्रश्न एका त्रिकोणावर येऊन सुटतो.

ही कल्पना शून्यातून उगवलेली नव्हती. टीआयएफआरमध्येच १९६९ साली चंचल कुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी एका सरळ साखळीतल्या चुंबकांसाठी असं जोड्यांचं उत्तर दाखवलं होतं, आणि तिथंही निम्म्याचंच प्रमाण येतं. साखळीतली युक्ती सपाट पृष्ठभागावर आणणं हे शास्त्री-सदरलँड यांचं काम. मुंबईतल्या एका संस्थेत रुजलेला विचार युटाच्या डोंगरात पुढं गेला. संशोधन बहुतेक वेळा असंच चालतं.

१९८१ मध्ये अशी जाळी निसर्गात असल्याचं कुणालाही माहीत नव्हतं. शोधनिबंध छापून आला, जाणकारांनी वाचला, एक सुंदर गणित म्हणून त्याची नोंद झाली. त्यानंतर अठरा वर्षं गेली.

१९९९ मध्ये जपानमध्ये हिरोशी कागेयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रॉन्शियम, तांबं, बोरॉन आणि ऑक्सिजन यांच्या एका संयुगाचे चुंबकी गुणधर्म मोजले. या संयुगाच्या थरांमध्ये तांब्याचे आयन चुंबकांचं काम करतात. ते थंड केलं की चुंबकत्व जवळजवळ नाहीसं होत होतं, आणि जबर चुंबकी क्षेत्र लावलं की चुंबकत्व सलग न वाढता काही ठरावीक अपूर्णांकांवर थबकत होतं : एक अष्टमांश, एक चतुर्थांश. त्याच सुमारास मियाहारा आणि उएदा यांनी दाखवून दिलं की या थरांतली तांब्याच्या आयनांची मांडणी म्हणजे हुबेहूब शास्त्री-सदरलँड यांची जाळी आहे. दिसायला मांडणी वेगळी, पण कोण कोणाला जोडलेलं आहे हे पाहिलं तर तीच.

त्या स्फटिकात बाजूची ओढ कर्णाच्या ओढीच्या साधारण ०.६३ पट निघाली. निम्म्याच्या पुढं, म्हणजे मूळ सिद्धतेच्या कक्षेबाहेर. पण नंतरच्या संगणकी आकडेमोडीनं दाखवलं की जोड्यांची अवस्था सुमारे ०.६७५ पर्यंत टिकते. म्हणजे निसर्गानं हा स्फटिक अगदी कड्याच्या टोकावर आणून ठेवला होता. मग प्रयोगकर्त्यांना एकच सुचणार : दाबून बघा! दाब वाढवला की हे प्रमाण सरकतं आणि स्फटिक कडा ओलांडतो. २०१७ मध्ये अशा दाबाखाली एक नवीच अवस्था दिसली, जिच्यात चुंबक दोन-दोनांऐवजी चार-चारांच्या गटात बांधले जातात. २०२१ मध्ये याच स्फटिकात पाण्याच्या द्रव आणि वाफ या अवस्थांमध्ये असतो तसा क्रांतिक बिंदू सापडला. चाळीस वर्षांपूर्वीचं एक कागदी प्रारूप आजही प्रयोगशाळांना कामाला लावतं आहे.

ताई, प्रयोगशाळा नसलेला माणूस काय करतो, याचं माझ्याजवळचं सर्वांत प्रामाणिक उत्तर हे आहे. तो असा प्रश्न निवडतो आणि पुरता सोडवतो, की पुढं कधी निसर्गात तसं काही दिसलं तर ओळखण्याची खूण आधीच तयार असावी. त्या खुणेशिवाय जपानमधले ते आकडे आकडेच राहिले असते.

बाकीच्या कामांबद्दल थोडं भरभर सांगतो. जॉन हबर्ड यांच्या नावाचं एक प्रारूप आहे : इलेक्ट्रॉन एका जागेवरून शेजारच्या जागेवर उड्या मारतात, आणि दोघे एकाच जागी आले तर मोठी ऊर्जा मोजावी लागते. एका रेषेतल्या जागांसाठी हे प्रारूप लीब आणि वू यांनी १९६८ मध्ये सोडवलं. शास्त्री नागपुरात बीएस्सी झाले तेच हे वर्ष. ते सुटतं हे तेव्हापासून माहीत होतं, पण का सुटतं याचा उलगडा नव्हता. १९८६ मध्ये शास्त्रींनी तो केला. ऊर्जा कायम राहते हे आपण शाळेत शिकतो. या प्रारूपात अशा कायम राहणाऱ्या राशी अगणित आहेत हे त्यांनी सिद्ध केलं आणि त्यांच्या मुळाशी असलेली गणिती रचनाही शोधली. त्या रचनेला आज शास्त्रींची आर-मॅट्रिक्स म्हणतात. वीस वर्षांनी स्ट्रिंग सिद्धान्तावर काम करणाऱ्या निक्लास बायझर्ट यांच्या गणितात तीच रचना पुन्हा उगवली. कुठं तारेतले इलेक्ट्रॉन आणि कुठं गुरुत्वाकर्षणाचा पुंजसिद्धान्त! यात कुणाची योजना नव्हती. खोल गणित असं दूरदूर पोचतं.

१९८८ मध्ये तर ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’च्या एकाच अंकात लागोपाठ दोन निबंध आले, एक डंकन हाल्डेन यांचा आणि एक शास्त्रींचा. दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे वर्तुळावर मांडलेल्या चुंबकांचं एकच प्रारूप सोडवलं होतं. त्यात प्रत्येक चुंबकाचा संबंध सगळ्यांशी येतो आणि ही ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जाते. श्रेयाच्या भांडणाला इथं भरपूर वाव होता. प्रारूप दोघांच्या नावानं रूढ झालं. हाल्डेन यांना २०१६ मध्ये नोबेल मिळालं ते वेगळ्या कामासाठी.

आणि इथं नागपूरकराच्या मनात भरेल असा एक धागा आहे. सी. व्ही. रामन सरकारी हिशेब खात्यात नोकरीला असताना १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरात होते. आपलं रमण विज्ञान केंद्र त्यांच्याच नावाचं. पदार्थावरून विखुरताना प्रकाश आपला रंग किंचित बदलतो, हा त्यांचा १९२८ चा शोध. आता अशी काही संयुगं आहेत, जी साध्या हिशेबानं धातू असायला हवीत, पण इलेक्ट्रॉनांच्या आपसातल्या ढकलाढकलीमुळं विद्युतरोधक होऊन बसतात. अशा पदार्थांत रामन परिणाम कसा दिसेल, याचा सिद्धान्त १९९० मध्ये शास्त्री आणि बोरिस श्रायमन यांनी मांडला. उच्च तापमानाला अतिवाहक होणाऱ्या तांब्याच्या संयुगांचा अभ्यास करणाऱ्यांना तो आजही लागतो.

बंगळुरूच्या काळातलं एक काम १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. डिस्प्रोशियम टायटनेट नावाच्या पदार्थात चुंबकांची मांडणी गोठलेल्या पाण्यातल्या हायड्रोजनसारखी असते. त्यामुळे निरपेक्ष शून्याजवळ नेलं तरी त्यात थोडी अव्यवस्था शिल्लक उरते, आणि ती लायनस पॉलिंग यांनी १९३५ मध्ये बर्फासाठी काढलेल्या उत्तराशी जुळते. अमेरिकेतले प्रयोगकर्ते आणि बंगळुरूतले सिद्धान्ती यांनी मिळून हे दाखवलं. अशा पदार्थांना आता ‘स्पिन आइस’ म्हणतात.

कागद आधी आणि पदार्थ नंतर, हे शास्त्रींच्या बाबतीत दुसऱ्यांदाही घडलं. १९९३ मध्ये श्रायमन आणि राजीव सिंग यांच्यासोबत त्यांनी हिशेब मांडला, की तीव्र ढकलाढकली असलेले इलेक्ट्रॉन त्रिकोणी जाळीत असतील, तर हॉल गुणांक (चुंबकी क्षेत्रात प्रवाहाच्या आडव्या दिशेला किती विद्युतदाब तयार होतो याचं माप) तापमानाबरोबर सरळ रेषेत वाढत जाईल. साध्या धातूत असं होत नाही. दहा वर्षांनी सोडियम आणि कोबाल्टच्या ऑक्साइडचा बोलबाला झाला. त्यातले कोबाल्ट त्रिकोणी जाळीतच असतात. प्रिन्स्टनच्या प्रयोगकर्त्यांनी मोजमाप केलं, तेव्हा गुणांक खरोखरच सरळ रेषेत वाढत होता.

मात्र सगळं सुटलं आहे असं चित्र मी रंगवणार नाही. हबर्ड यांचं प्रारूप एका रेषेत सुटलं. सपाट जाळीवर, जिथं त्याची खरी गरज आहे, तिथं ते सुटलेलं नाही. १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडात उच्च तापमानाची अतिवाहकता शोधली. तेव्हापासून जगातली उत्तमोत्तम डोकी याच कोड्यापाशी बसून आहेत. शास्त्रींनीही २०११ पासून ‘अतितीव्र सहसंबंधित फर्मी द्रव’ या नावाची एक नवी पद्धत उभी केली. वयाच्या साठीनंतर माणूस आपल्या क्षेत्रातल्या सर्वांत अवघड प्रश्नाला नव्या बाजूनं हात घालतो, याचं मला फार मोल वाटतं. तुमच्या मुलीच्या पिढीसाठी काम शिल्लक आहे, आणि ते किरकोळ नाही.

प्रश्न (याच पत्रातला) : पण याचा उपयोग काय? आणि पोटापाण्याचं काय?

उत्तर : उपयोगाबद्दल मी खोटी आश्वासनं देणार नाही. शास्त्री-सदरलँड जाळीवर चालणारं एकही यंत्र बाजारात नाही. पण घन पदार्थांत इलेक्ट्रॉन कसे वागतात हे कळल्यामुळेच १९४७ मध्ये बेल लॅब्जमध्ये ट्रान्झिस्टर बनला, आणि तुमच्या हातातला मोबाइल त्याचाच वंशज आहे. आज क्वांटम संगणक बांधण्याची जी धडपड चालली आहे, तो कारभार अनेक-कण व्यवस्थेचाच आहे. अशा यंत्राचं उत्तर बरोबर आहे की नाही हे तपासायचं, तर अचूक उत्तर आधी माहीत असलेली प्रारूपं हाताशी लागतात. म्हणून अचूक सुटलेल्या प्रारूपांना कसोटीचा दगड म्हणून किंमत आहे, आणि ती कमी होणार नाही.

पोटापाण्याचं म्हणाल तर वाट लांब आहे, पण धूसर नाही. बीएस्सीनंतर आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम ही परीक्षा. टीआयएफआरची स्वतःची प्रवेश परीक्षा असते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बीएस्सीनंतर थेट इंटिग्रेटेड पीएचडीला जाता येतं. पुण्याची आयसर २००६ पासून आहे, तिथंही या विषयाचे गट काम करतात. पीएचडीसाठी जेस्ट, नेट आणि गेट या परीक्षा. संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढं ४२,००० रुपये झाली आहे, शिवाय घरभाडं. पीएचडीला पाच-सहा वर्षं, त्यानंतर दोन-तीन ठिकाणी तात्पुरत्या संशोधकपदांवर मिळून आणखी चार-पाच वर्षं. कायमची नोकरी लागायला तिशी ओलांडते, आणि जागा थोड्या असतात. ही गोष्ट घरात आजच मोकळेपणी बोलून घ्या. वाट सोडावी लागली तरी या शिक्षणातली आकडेमोड, संगणकाचं काम आणि प्रश्न नेमका मांडायची सवय इतर व्यवसायांत खपते. मात्र केवळ तेवढ्यासाठी कुणी या वाटेला जाऊ नये.

नागपूर मागं पडेल का, अशी एक शंका तुमच्या पत्रात अप्रत्यक्षपणे आहे. शास्त्री नागपूर विद्यापीठातून बाहेर पडले तेव्हा इंटरनेट नव्हतं आणि परदेशी नियतकालिकाचा अंक हाती पडायला महिने जात. आज कोणताही ताजा निबंध त्याच दिवशी फुकट वाचता येतो. कमी पडते ती सोबत. तीन-चार समवयस्क मिळून आठवड्यातून एकदा फळ्यापाशी उभं राहून एकच गणित नीट सोडवत असतील, तर ती कमीही बरीच भरून निघते. महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना विचारा, अशी मुलं आली की त्यांना आनंदच होतो.

शेवटी मुलीसाठी एक गृहपाठ. तीन स्पिन घ्यायचे, प्रत्येक अर्धा. पहिल्या दोघांमध्ये कर्णाची निम्मी ओढ, तिसऱ्याची दोघांशी बाजूची सारखी ओढ. आठही अवस्थांच्या ऊर्जा काढायच्या, आणि पहिल्या दोघांची सिंगलेट जोडी बाजूची ओढ आणि कर्णाची पूर्ण ओढ यांच्या कोणत्या प्रमाणापर्यंत सर्वांत खाली राहते ते शोधायचं. दुसऱ्या वर्षाच्या पुंजयामिकीत हे बसतं. कोनीय संवेगांची बेरीज येत असेल तर एका पानात होतं. उत्तर एक द्वितीयांश यायला हवं. आलं, की १९८१ च्या त्या निबंधातली मुख्य पायरी तिनं स्वतः चढली असं समजा, आणि तिची वही आम्हाला जरूर पाठवा.